माडीच्या जमिनीचा झोळ: फोंडा तालुक्यातल्या एका घराच्या कामाच्या नोंदी

२० नोव्हेंबर २०२३

घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं. भिंती दीड फुटी, मातीच्या जोडातल्या, वर मंगळुरी कौलं. पश्चिम अंगाच्या माडीवरची खोली आतून पूर्व-पश्चिम ३.६ मीटर आणि दक्षिणोत्तर ४.८ मीटर. तिच्या जमिनीला मधोमध झोळ आहे. दारातून चालत गेलं की पाय आपोआप मध्याकडे ओढले जातात आणि कपाटाची दारं स्वतःहून उघडतात.

खालून पाहिलं तर जमीन पेलणाऱ्या नऊ आडव्या सागवानी कड्या दिसतात. ७५ बाय १२५ मिमीच्या, ६०० मिमी अंतरानं पूर्व-पश्चिम टाकलेल्या, दोन्ही टोकं भिंतीत १५० मिमी. कड्यांना दक्षिणेकडून क्रमांक दिले, १ ते ९. त्यांवर २५ मिमी जाड, २०० मिमी रुंद फळ्या. फळ्यांवर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सिमेंटचा कोबा आणि वर टाइल. झोळ झाकून जमीन सपाट दिसावी म्हणून हा कोबा कधीतरी घातला गेला. लाकडी माडीवर याच्याइतका वाईट उपाय दुसरा नाही, आणि गोव्यातल्या जुन्या घरांत तो सर्रास दिसतो.

खोली रिकामी करायला सांगितलं. लोखंडी कपाट, पेट्या, पलंग, सगळं खाली. खोलीखाली सध्या कोणी झोपायचं नाही.

२२ नोव्हेंबर

मोजमाप. लेसरपेक्षा पाणसळ बरी, कारण आढ्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत ती सहज पोचते. ८ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी, १० मीटर. पाण्यात चिमूटभर पोटॅशियम परमँगनेट टाकलं की पातळी स्वच्छ दिसते. नळीत बुडबुडा राहिला तर मोजमाप चुकतं, म्हणून भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी एक येते का ते आधी पाहायचं. पूर्वेच्या भिंतीत पक्का खिळा ठोकून तो शून्य धरला.

प्रत्येक कडीखाली तीन ठिकाणी मोजलं: पूर्व टोक, मध्य, पश्चिम टोक. फक्त मध्य मोजून थांबलं की निदान चुकतं. सगळ्यात वाईट कडी ५ ची मोजमापं: पूर्वेला ०, मध्याला उणे ५७, पश्चिमेला उणे ३४.

म्हणजे पश्चिमेचं टोक ३४ मिमी खाली बसलं आहे. टोक ३४ नं बसलं की मध्य आपोआप १७ नं खाली येतो. ५७ मधून १७ वजा केले की उरले ४०. तेवढाच कडीचा स्वतःचा वाक. या ४० मध्ये किती कोब्याच्या वजनामुळे आणि किती कायमचा, ते कोबा निघाल्यावर कळेल. एका झोळात तीन वेगळे दोष आहेत आणि तिघांचे उपाय वेगळे. एकत्र जॅक लावून वर ढकलायला गेलं तर एकही नीट सुधारत नाही.

कड्या ३ ते ७ ची पश्चिम टोकं बसली आहेत. बाकीच्या चारांची टोकं २ ते ४ मिमीच्या आत, ती ठीक.

२५ नोव्हेंबर

पश्चिम टोकांची तपासणी. अणकुचीदार टोच्या भिंतीलगत खुपसला तर कडी ५ मध्ये ४० मिमी आत गेला, काही जोर न लावता. बाहेर आलेलं लाकूड तपकिरी, चौकोनी ढेकळांत तुटणारं, बोटात चुरलं की पीठ होतं. ही कुजवणारी बुरशी. हातोडीच्या दांड्यानं ठोकत भिंतीपासून आत आलं की आवाज भद्द येतो, मग एका जागी एकदम टणक होतो. त्या जागेवर खडूची रेघ मारली. रेघा भिंतीच्या तोंडापासून १५० ते २७० मिमी आत.

ओलावा मापकावर: पश्चिम टोकं २६ ते ३१ टक्के, पूर्व टोकं १५ ते १७, मध्य १४. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर ही बुरशी वाढत नाही. पावसाळा संपून दीड महिना उलटला तरी पश्चिमेला ३१ टक्के, म्हणजे भिंत अजून पाणी धरून आहे.

बाहेर गेलो. पागोळीच्या ओळीतली कौलं फुटलेली, मोजून चौदा. तिथून गळणारं पाणी थेट भिंतीवर येतं. त्याशिवाय भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा. चिरा सच्छिद्र, तो पाणी पितो आणि कोरड्या दिवसांत परत सोडतो. सिमेंटनं तोंड बांधलं की गिलाव्याच्या भेगांतून शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ते आतल्या बाजूला, कडीच्या टोकाकडे सरकतं. पूर्वी पश्चिमेच्या भिंतीला पावसाआधी माडाच्या चुडतांची झापं बांधत, ती याच पावसापासून आडोसा म्हणून.

वाळवीची मातीची नळी कडी ४ च्या खाचेतून खाली जमिनीपर्यंत. फोडली तर आत जिवंत वाळवी. कडी ८ वर बारीक भोकं आहेत. तिच्याखाली पांढरा कागद चिकटवून तारीख लिहिली. १५ दिवसांत कागदावर पिवळी पूड पडली तर किडा चालू आहे, नाहीतर भोकं जुनी.

२८ नोव्हेंबर

टेकूंचं सामान आलं: २ ते ३.५ मीटर वाढणारे लोखंडी प्रॉप १२, १०० बाय १०० मिमीच्या आडव्या तुकड्यांच्या तीन ओळी, खाली पसरायला ५० बाय २०० च्या फळ्या, ५ टनांचे दोन बॉटल जॅक.

तळमजल्याची जमीन कोब्याची, खाली भराव. टाकी किंवा गटार खाली नाही याची आधी खात्री केली. प्रॉपचं तळपाट थेट कोब्यावर ठेवलं तर ते कोबा फोडून आत जातं, म्हणून लांब फळी अंथरूनच.

टेकूंच्या ओळी कुठे? सगळे मध्यरेषेवर लावायला धावतात. मध्यरेषेवर पुढे कड्यांखाली आधाराची नवी तुळई घालावी लागण्याची शक्यता आहे. तिथे प्रॉप उभे केले तर ती घालताना सगळं पुन्हा काढावं लागेल, तेही कडी अर्धवट उचललेली असताना. म्हणून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३५० मिमीवर एकेक ओळ. तिसरी ओळ पश्चिमेच्या भिंतीपासून ६०० मिमीवर, म्हणजे खडूच्या रेघेपलीकडच्या टणक लाकडाखाली. प्रत्येक ओळीत चार प्रॉप.

आज फक्त टेकवले. उचललं काही नाही.

१ ते ४ डिसेंबर

कोबा काढला. छिन्नी आणि हातोडा, मशीन नाही. मशीनच्या हादऱ्यानं कुजकी टोकं खाचेतच चुरगळली असती. मध्यापासून सुरुवात, कारण तिथेच तो सगळ्यात जाड: कडेला १५ मिमी, मध्याला ५५. राबिट जमिनीवर साठू द्यायचं नाही, घमेलं भरलं की लगेच खाली.

सरासरी ३५ मिमी कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण ८० किलो, टाइल आणखी १६. खोली १७.३ चौरस मीटर. एकूण १,६५० किलोच्या आसपास. त्याच्याखालच्या कड्या आणि फळ्यांचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ३० किलोसुद्धा नाही. म्हणजे जमिनीनं आपल्या तिप्पट वजनाचं ओझं अंगावर वागवलं.

प्लॅस्टिकच्या कागदाखाली फळ्यांवर काळे डाग. पश्चिमेच्या भिंतीलगतच्या तीन फळ्या गेल्या, बाकीच्या पंधरा चांगल्या.

५ डिसेंबर

पुन्हा पाणसळ. प्रॉप मुद्दाम दोन मिमी सैल करून मोजलं. कडी ५ चा मध्य उणे ४८. काही न करता ९ मिमी वर आली. आता हिशेब सुटसुटीत झाला: १७ टोकाच्या बसण्याचे, ३१ कायमच्या वाकाचे.

६ डिसेंबर

कड्या मुळातच कमी पडतात का? राहत्या खोलीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलो धरायचे. अधिक जमिनीचं वजन, धरू ५०. कड्या ६०० मिमीवर, म्हणजे कडीच्या प्रत्येक मीटरवर १५० किलो. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ३.६ मीटर, लाकडाची ताठरता ९,८०० न्यूटन प्रति चौरस मिमी धरून कडीचा वाक येतो २७ मिमी. लाकूडकामाच्या आयएस ८८३ मानकाप्रमाणे मुभा गाळ्याच्या २४० व्या हिश्शाची, म्हणजे १५ मिमी. नवी कोरी कडी असती तरी ती कमीच पडली असती. लाकडावर कायमचं ओझं राहिलं की वर्षानुवर्षं वाक आणखी वाढतो, तो वेगळा.

उपाय दोन. शेजारी जोडकड्या लावून रुंदी दुप्पट करायची, तर वाक निम्मा होतो, १३-१४ मिमी. सगळ्या नऊ कड्यांना जोड, लाकूड भरपूर, आणि भार त्याच ओल्या भिंतीवर. दुसरा उपाय, मध्याखाली दक्षिणोत्तर तुळई. गाळा निम्मा झाला की वाक सोळावा हिस्सा उरतो. तुळई घ्यायची ठरली.

तिच्यावर मीटरला साधारण ५६० किलो येतात. ४.८ मीटरच्या गाळ्याला आयएसएमबी १५० (इंग्रजी I आकाराची, १५० मिमी उंचीची लोखंडी तुळई) घेतली तर वाक २६ मिमी, नको. आयएसएमबी २०० घेतली तर ९ मिमीच्या आत. लांबी ४.८ अधिक दोन्हीकडे २०० मिमी बैठक, ५.२ मीटर. वजन १३२ किलो. खाली २.९ मीटर उंची आहे, तुळईनंतर २.७ उरते, डोक्याला लागत नाही.

जुन्या घरात लोखंड घालणं कित्येकांना खटकतं आणि ते आम्हाला समजतं. इथे लाकडी तुळई घ्यायची तर मध्ये खांब लागतो, खांबाला वेगळा पाया लागतो, आणि दिवाणखान्याच्या मधोमध तो येतो. लोखंडाची तुळई एकही कडी न कापता बसते आणि उद्या कोणाला काढावीशी वाटली तर घर होतं तसं राहतं. त्यासाठी आम्ही ती निवडली.

९ डिसेंबर

छप्पर आधी. चौदा कौलं बदलली, पागोळीच्या वाशांपैकी दोन नवे, कौलांची ओळ भिंतीच्या तोंडापासून ४५० मिमी बाहेर काढली. पाणी आता भिंतीला न शिवता खाली पडतं. हे आज झालं नसतं तर पुढचं सगळं लाकूडकाम पाच पावसाळ्यांत परत याच अवस्थेला आलं असतं.

बाहेरचा सिमेंटचा गिलावा कड्यांच्या पातळीच्या वर-खाली मिळून मीटरभर उंचीच्या पट्ट्यात काढला. भिंत उघडीच ठेवायची, चुन्याचा गिलावा जानेवारीत. तोवर तिला वारा लागू दे.

१० डिसेंबर

कडी ८ खालचा कागद कोरा. भोकं जुनी.

वाळवीसाठी जमीन आणि भिंत यांच्या सांध्यात ३०० मिमी अंतरानं १२ मिमीची भोकं, क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं कीटकनाशक) एका लिटरला १९ लिटर पाणी, भोकाला जास्तीत जास्त एक लिटर, किंवा भोक पिणं थांबवेपर्यंत. हातमोजे, तोंडाला मास्क, आणि विहिरीकडच्या बाजूला एकही भोक नाही. विहीर भिंतीजवळ असेल तर हे औषध तिथे घालूच नये.

नव्या टोकांसाठी लाकूड: मोडलेल्या घरातलं जुनं सागवान, तीन घनफूट. पाच कड्यांना प्रत्येकी दोन जोडपट्ट्या, ५० बाय १२५, लांबी १.२ मीटर. जुनं लाकूड वाळलेलं असतं, आकसत नाही. पण रंधा मारण्याआधी त्यातले मोडके खिळे शोधून काढावे लागतात, नाहीतर पातं जातं. तासून झाल्यावर बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात: १० लिटर कोमट पाण्यात ३२० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ४८० ग्रॅम बोरॅक्स. २४ तास बुडवून, मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर, म्हणजे औषध आत मुरतं. त्यानंतर सावलीत वाळवायचं. हे औषध पाण्यानं धुपून जातं, त्यामुळे छप्पर दुरुस्त नसेल तर त्याचा उपयोग नाही.

१२ डिसेंबर

तुळईच्या बैठकीचे दोन ठोकळे ओतले. १:१॥:३ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी), भिंतीच्या लांबीत ४५० मिमी, आत २२५, जाडी १५०. तुळईच्या प्रत्येक टोकाला सुमारे १,३५० किलो येणार. ठोकळ्यामुळे ते पसरून चिऱ्यावर चौरस सेंटिमीटरला १.३५ किलोच्या आत राहतात. मातीच्या जोडातल्या चिऱ्याला तुळईचं अरुंद तळ थेट टेकवलं तर चिरा दबून भुगा होतो. १४ दिवस पाणी मारायचं.

१३ डिसेंबर

उचल सुरू. बेत असा: दर तिसऱ्या दिवशी एक सूत, म्हणजे तीन मिमीच्या किंचित वर. जमिनीला खाली यायला कित्येक वर्षं लागली, ती आठवड्यात वर गेली तर कडी आडव्या रेषेत चिरते किंवा वरच्या भिंतीचा जोड सुटतो.

पद्धत: जॅकनं आडवा तुकडा उचलायचा, लगेच शेजारच्या प्रॉपची आटी घट्ट करायची, मग जॅक काढायचा. भार कधीही जॅकवर सोडून घरी जायचं नाही. पहिल्या दिवशी एक जॅक मुद्दाम रात्रभर ठेवून पाहिला, सकाळी दोन मिमी खाली. तेलाचा जॅक हळूहळू बसतोच.

प्रॉपच्या किती फेऱ्या फिरवल्या यावर विसंबायचं नाही, कारण आडवं लाकूडही दबतं. प्रत्येक उचलीनंतर पाणसळीनं नऊ कड्या मोजून वहीत. पश्चिमेची ओळ आणि मधल्या दोन ओळी एकाच प्रमाणात. भिंतीतल्या सहा भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या चुन्यात चिकटवल्या, वर तारीख. काच तडकली की भिंत हलली.

२२ डिसेंबर

उत्तरेच्या भिंतीवरची काच तडकली. काम थांबवलं. शोधलं तर कडी ९ भिंतीला चिकटून, तिची एक बाजू गिलाव्यात पुरलेली. कडी वर जाताना गिलाव्याला ओढत होती. भिंत स्वतः हललेली नव्हती. आम्ही त्या ओळीचा शेवटचा प्रॉप दोन मिमी सैल केला, कडीच्या कडेनं गिलावा १५ मिमी खोल खरवडून मोकळा केला, नवी काच लावली. तीन दिवस वाट पाहिली. काच शाबूत, मग पुढे. दक्षिणेच्या कडी १ ची तीच गोष्ट होणार म्हणून तिचाही गिलावा आजच मोकळा केला.

हे आधीच करायला हवं होतं. उचल सुरू करण्यापूर्वी कडेच्या कड्या भिंतीपासून सुट्या आहेत का ते सुरी घालून पाहावं.

१४ जानेवारी २०२४

पश्चिमेची टोकं शून्याच्या वर ३ मिमी आणली. टेकू काढल्यावर तेवढं बसणं होतं, म्हणून ही जास्तीची उचल.

मध्य उणे १९ वर थांबवला. याच्यापुढे रेटलं तर कडी सरळ होत नाही, पूर्वेचं टोक खाचेतून वर उठायला लागतं. परवा तिथून चुन्याची पूड गळली, तीच थांबायची खूण. हिशेबही तेच सांगतो: या कडीचा मुरलेला वाक एक मिमी मागे ढकलायला मध्यावर साडेबारा किलो जोर लागतो, आणि हे ३१ मिमी पूर्ण काढायचे तर कडीमागे जवळजवळ ३९० किलो. कडीच्या स्वतःच्या वजनात टोक धरून ठेवण्याची तेवढी ताकद नाही. वाकातले १२ मिमी निघाले, उरलेले १९ फळ्यांखाली पट्ट्या घालून भरायचे.

१६ ते २० जानेवारी

पश्चिमेची टोकं. एका वेळी एकच कडी, आणि लगतची नाही: ३, मग ५, मग ७, मग ४, मग ६.

कडी ५ ची रीत. खडूच्या रेघेच्या ५० मिमी पलीकडे, टणक लाकडात, गुण्यानं रेघ मारून कापली. कुजकं टोक भिंतीतून हातानं निघालं, ओल्या शेणीसारखं. खाच २१५ मिमी रुंद केली, चिरा पटाशी आणि हातोडीनं सहज कापला जातो. आतली माती, बुरशीचे पांढरे धागे ब्रशनं काढले, बोरॅक्सचं पाणी दोनदा मारलं. तळाला चुन्यात सपाट केलेली जांभ्याची पातळ फरशी, तिच्यावर टार फेल्टचा, म्हणजे डांबरी कागदाचा, तुकडा.

दोन जोडपट्ट्या कडीच्या दोन्ही अंगांना, भिंतीत १५० मिमी. भिंतीकडे मधली ७५ मिमीची पोकळी नव्या सागवानाच्या ठोकळ्यानं भरली. १२ मिमीचे बोल्ट, २०० मिमी लांब: जुन्या कडीत सहा, ठोकळ्यात दोन. भोकं १३ मिमीची, वर-खाली नागमोडी, कडेपासून ४८ मिमी आणि कडीच्या कापलेल्या टोकापासून ८५ मिमी लांब. भोक टोकाच्या जवळ गेलं की लाकूड रेषेत फाटतं. वॉशर ४० मिमी चौरस, ३ मिमी जाड. साधा गोल वॉशर सागवानात रुततो आणि बोल्ट कधीच घट्ट राहत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: टोकाभोवती खाच भरायची नाही. दोन्ही बाजूंना २० मिमी, पुढे २५ मिमी मोकळी हवा. गवंड्याचा हात सवयीनं मसाला घेऊन तिकडे जातो, त्याला उभं राहून थांबवावं लागतं. टोक चिऱ्यात गच्च बांधलं गेलं तर भिंत प्यालेलं पाणी सरळ लाकडात जातं.

एकूण बोल्ट ४०.

२४ जानेवारी

तुळई रंगवून तयार: तारेचा ब्रश, प्रायमरचे दोन हात, वर एनॅमलचे दोन. भिंतीत जाणारी टोकं डांबरी रंगात दोनदा.

२७ जानेवारी

तुळई बसवली. ५.२ मीटरचं लोखंड ४.८ च्या खोलीत कसं न्यायचं? दक्षिणेच्या भिंतीला खाच आरपार काढली, पलीकडे स्वयंपाकघर. तुळई परांचीवर चढवून दक्षिणेच्या भोकातून बाहेर सरकवली, उत्तर टोक खोलीत आलं की वर उचलून परत उत्तरेच्या खाचेत २०० मिमी ढकलली. सहा माणसं. ठोकळे त्याआधी चुन्याच्या मसाल्यात बसवून आठ दिवस झालेले. दक्षिणेचं भोक चिऱ्याच्या तुकड्यांनी आणि चुन्यानं बंद.

तुळईच्या माथ्यावर टार फेल्टची पट्टी, म्हणजे लोखंडावर धरणारा दमटपणा लाकडाला लागत नाही आणि कुरकुरही येत नाही. कडी आणि तुळई यांच्यातली फट प्रत्येक कडीला वेगळी, ४ ते ११ मिमी. तिथे सागवानाच्या जोडपाचरी, समोरासमोरून एकाच वेळी ठोकलेल्या. एकच पाचर ठोकली तर कडी एका कडेवर टेकते. ठोकताना हात मधल्या प्रॉपवर ठेवायचा: प्रॉप किंचित सैल लागला की पाचर पुरे.

३० जानेवारी

मधले प्रॉप चार दिवसांत हळूहळू उतरवले. तुळई एक मिमी खाली आली. पश्चिमेची टोकं ३ वरून शून्यावर, दोन कड्या उणे २. पश्चिमेच्या ओळीचे प्रॉप आणखी आठवडाभर सैल करून उभेच.

३ ते ९ फेब्रुवारी

फळ्यांना खडूनं क्रमांक देऊन अर्धी खोली उघडली, मग दुसरी अर्धी. चौकोनी खिळे उपटायला गेलं की फळी फाटते. फळी आणि कडीच्या फटीत करवतीचं पातं घालून खिळे कापले.

प्रत्येक कडीवर ७५ मिमी रुंद पट्टी, कडेला शून्य, मध्याला १९ मिमीपर्यंत. वक्र काढण्यासाठी पूर्व-पश्चिम दोरी ताणायची, दर ३०० मिमीवर दोरीपासून कडीपर्यंतचं अंतर पट्टीवर उतरवायचं, आणि त्या रेषेवर रंधा. सरळ उतार देऊन चालत नाही, वाक कमानीचा असतो.

फळ्या परत त्याच क्रमानं, तीन नव्या. प्रत्येक सांध्याला दोन स्क्रू, एकूण ३२४, ६५ मिमी लांब, स्टेनलेस. भिंतीलगत चारी बाजूंना १२ मिमी मोकळे, त्यावर पट्टी फक्त भिंतीला ठोकलेली. पावसात फळ्या फुगतात, जागा नसली तर मधून उठतात.

१२ फेब्रुवारी

भाराची परीक्षा. २०० लिटरचे चार पिंप मध्यरेषेवर ठेवून नळीनं भरले, ८०० किलो. आधी दोन, अर्धा तास, मग उरलेले दोन. तुळई मध्याला ३ मिमी वाकली. पाणी सोडल्यावर तासाभरात अर्ध्या मिमीच्या आत परत. काचेच्या पट्ट्या सगळ्या शाबूत.

१५ फेब्रुवारी

बाहेरचा गिलावा. जानेवारीचा बेत महिनाभर लांबला. मुरवलेला चुना एक, वाळू तीन, दोन थर. सात दिवस ओल्या गोणपाटाखाली.

१८ मार्च

बोल्ट पुन्हा आवळले. चाळीसपैकी अकरा पाव फेरी फिरले, सगळे कड्या ४ आणि ६ चे. शेवटी बसवलेल्या त्या जोडपट्ट्या पुरेशा वाळल्या नव्हत्या. मापकावर २० टक्के असतानाच घातल्या, दोन आठवडे थांबायला हवं होतं.

२१ जुलै

भर पावसातली तपासणी. पश्चिमेची टोकं १७ ते १९ टक्के. पातळीत बदल नाही. खाचांत हात घातला, कोरड्या.

कडी ७ वर पाय दिला की कुरकुर. तुळईवरची जोडपाचर कोरड्या दिवसांत आकसून सैल झाली होती. दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिमी ठोकली, आवाज गेला. पाचरींना स्क्रू मारून जखडायचं त्या दिवशी राहून गेलं होतं, आज नऊही जखडल्या. पुढची तपासणी ऑक्टोबरच्या अखेरीस: टोकांचा ओलावा, बोल्ट आणि पागोळीची कौलं.